गेम कंपनीतली नोकरी: टाइमशीटवर आठ, खुर्चीत अकरा

पानसुपारी (धागाकर्ता)

गेम बनवणाऱ्या कंपनीत बीन बॅग, टेबल टेनिस आणि दिवसभर खेळ असं बाहेरून वाटतं. आत गेलं की मोबाइल लॉकरमध्ये, जेवणाला मोजून अर्धा तास, जागेवरून उठलं की चॅटवर स्टेटस बदला, आणि रात्री आठला परदेशी क्लायंटची मीटिंग. पुणे, बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

जपानातल्या कोनामी या गेम कंपनीचं उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१५ मध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने बातमी दिली होती: जेवणाची सुट्टी लांबवणाऱ्यांची नावं कंपनीभर जाहीर करायची, कॉरिडॉरमधले कॅमेरे कर्मचाऱ्यांच्या हालचालींवर, बऱ्याच जणांचे ईमेल पत्ते ठरावीक महिन्यांनी बदलायचे, आणि नकोसे झालेले डेव्हलपर फिटनेस क्लबात साफसफाईला किंवा पाचिस्लॉट (जुगाराच्या) मशीनच्या कारखान्यात. हे टोकाचं झालं. पण त्याची धाकटी भावंडं आपल्याकडेही आहेत.

या धाग्यात एवढंच हवंय: यातले कुठले नियम कामाची खरी गरज आहेत, कुठले साहेबाची हौस, आणि दुसऱ्या प्रकाराचं करायचं काय. रडगाणी नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. कंपनीचं, क्लायंटचं, गेमचं नाव लिहू नका. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सगळ्यांनी सही केलाय.

बिनपगारी_पहारेकरी

आधी खऱ्या गरजा बाजूला काढू, नाहीतर सगळ्यालाच जुलूम म्हणत बसू.

डेव्हकिटच्या (गेम बनवताना वापरायच्या खास कन्सोलच्या) खोलीत मोबाइल बंदी: खरी. डेव्हकिट हे कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं असतं, सिरियल नंबरवर नोंदलेलं असतं, खोली बदलायची तरी विचारावं लागतं. न आलेल्या गेमचा एक फोटो बाहेर गेला तर स्टुडिओचं कंत्राट जातं. यूएसबी बंद, कार्ड लावून दार, टेबल रिकामं ठेवून घरी जाणं, हे सगळं क्लायंटच्या सुरक्षा ऑडिटमध्ये तपासतात.

शुक्रवारी संध्याकाळी चेकइन (आपले बदल सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर टाकणं) बंद: खरी, आणि शहाणपणाची. शुक्रवारी सहाला कोणीतरी फाइल ढकलतो, रात्रीचं बिल्ड (सगळ्या फाइली जोडून तयार होणारी गेमची चालती आवृत्ती) मोडतं, शनिवारी चौघांना बोलावणं जातं.

बाथरूमला जाताना रजिस्टर, जेवणाच्या वेळेचा तक्ता भिंतीवर, 'हेडफोन घातले तर टीम स्पिरिट कमी होतं': हौस. कुठल्याही क्लायंटच्या करारात असलं काही लिहिलेलं नसतं. शंका आली तर लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, एकच प्रश्न शांतपणे विचारायचा: हे सिक्युरिटी पॉलिसीच्या कुठल्या कलमात आहे? हौशी नियमाला कलम सापडत नाही.

चेकइन_केलंस_का

चेकइनचा मुद्दा वर आलाच आहे तर पर्फोर्सवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) येतो, कारण रजा नाकारण्याचं अर्धं कारण तिथे असतं आणि ते कोणी सांगत नाही.

कोड दोघांनी एकदम बदलला तर दोन्ही बदल एकत्र जोडता, म्हणजे मर्ज करता येतात. अनरियल या गेम इंजिनची यूअॅसेट फाइल, टेक्श्चर, मॅप हे बायनरी, म्हणजे मर्ज होत नाही. म्हणून त्या एकाच माणसाला चेकआउट होतात आणि बाकीच्यांना कुलूप. आता तो माणूस मॅप धरून गणपतीला गावी गेला. पाच जणांचं काम अडलं. यावर लीड लोकांनी काढलेला उपाय म्हणजे मायलस्टोनच्या (क्लायंटला काम द्यायच्या ठरलेल्या टप्प्याच्या) दोन आठवडे आधी सगळ्यांची रजा बंद. म्हणजे ढेकूण मारायला घर पेटवायचं.

खरा उपाय पाच मिनिटांचा आहे. निघण्यापूर्वी पेंडिंग चेंजलिस्ट (आपल्या बाकी बदलांची यादी) उघडा. पुरं झालेलं सबमिट करा. अर्धवट असेल ते शेल्व्ह करा, म्हणजे सर्व्हरवर बाजूला ठेवा, वर्णनात काय झालं आणि काय राहिलं ते दोन ओळींत लिहा, मग आपल्या मशीनवरची फाइल रिव्हर्ट (पूर्ववत) करा म्हणजे कुलूप सुटेल. चेंजलिस्टचा नंबर टीमच्या चॅनलवर टाका. रजेच्या अर्जातच 'माझ्या नावावर एकही फाइल अडकलेली नाही, अर्धवट काम अमुक शेल्फमध्ये' असं लिहिलं की नाही म्हणणाऱ्याला दुसरं कारण शोधावं लागतं.

विसरलात तर अॅडमिन कुलूप तोडू शकतो, पण तुमच्या मशीनवरचे बदल तिथेच राहतात. परत आल्यावर भांडण नक्की.

तिरफळ

वरचं सगळं खरं, पण मूळ दुखणं टाइमशीट आहे असं माझं ठाम मत आहे.

आउटसोर्सिंग स्टुडिओचं गणित बघा. गेममधली एक गाडी मॉडेल करायला क्लायंटला समजा १२ मनुष्यदिवस सांगितले. किंमत त्यावर ठरली. फीडबॅकच्या दोन फेऱ्या धरलेल्या. प्रत्यक्षात क्लायंटच्या आर्ट डायरेक्टरला बंपर आवडला नाही, मग रंग आवडला नाही, मग पाचवी फेरी. लागले १७ दिवस. ते वरचे पाच दिवस कोणाच्या खिशातून गेले? आर्टिस्टच्या संध्याकाळींतून आणि शनिवारातून.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं बघा. लीड सांगतो, 'टाइमशीटमध्ये रोज आठच भर, जास्त दाखवलं तर प्रोजेक्ट तोट्यात दिसतो.' सगळे आठ भरतात. तीन महिन्यांनी पुढच्या गाडीची किंमत ठरवायला प्रोड्यूसर जुनी टाइमशीट उघडतो. तिथे दिसतं, गाडी १२ दिवसांत झाली. पुन्हा १२ च सांगतो, कधी क्लायंट खूश व्हावा म्हणून ११. म्हणजे आज आठ भरणाऱ्याने पुढच्या वर्षीचे शनिवार आजच लिहून दिले.

त्यामुळे खरे तास भरा. 'ओव्हरटाइम' असा शब्द लिहायची गरज नाही, कामाच्या नावाने फोडा: 'गाडी क्र. ७, फीडबॅक फेरी ४, ३ तास'. फेरीचा नंबर फार महत्त्वाचा. त्यावरूनच प्रोड्यूसरला क्लायंटकडे जादा पैसे मागता येतात, आणि बरेचसे प्रोड्यूसर ते मागायला तयार असतात. त्यांच्या हातात आकडेच नसतात. आठच्या वर भरूच देत नाही असं सॉफ्टवेअर असेल तर शेरा लिहायच्या रकान्यात लिहा.

गोडा_मसाला

@तिरफळ, पटलं, पण नवीन पोरगा खरे तास भरेल आणि 'स्लो आहे' म्हणून अप्रेझलमध्ये मार खाईल. बाकीचे आठ भरत असतील तर एकट्याने हरिश्चंद्र व्हायचं का?

तिरफळ

रास्त शंका. एकट्याने नाही. एका पॉडमधले (छोट्या गटातले) चार-पाच जण एकाच आठवड्यापासून सुरू करतात तेव्हा ते चालतं. आणि फेरीनिहाय फोड असेल तर 'स्लो' म्हणता येत नाही, कारण पहिल्या फेरीचा वेळ वेगळा दिसतो. पहिली फेरी अंदाजात बसली आणि चौथ्या फेरीत वेळ गेला तर दोष कुणाचा ते कागदच सांगतो.

रात्रीचा_चहा

क्यूएवाल्यांचं, म्हणजे गेम तपासणाऱ्या टेस्टरचं, कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

रात्री दोनच्या सुमाराला ऑटोमॅटिक बिल्ड तयार होतं. सकाळी स्मोक टेस्ट: गेम सुरू होतो का, मेनू येतो का, पहिली लेव्हल लोड होते का, सेव्ह होतं का. यात नापास झालं तर वीस टेस्टर दुपारपर्यंत बसून. नवीन बिल्ड तीनला येतं आणि त्या दिवसाच्या टेस्ट केस 'आजच संपवा' म्हणून सगळे नऊपर्यंत थांबतात. सकाळचे पाच तास तुम्ही ऑफिसातच होता हे संध्याकाळी सगळे विसरलेले असतात.

उपाय: बिल्ड मोडलं त्या क्षणी नोंद. बिल्ड नंबर, कुठल्या पायरीवर मोडलं, किती वाजता कळवलं, किती वाजता नवीन मिळालं. टेस्ट प्लॅनमध्ये त्या केसना 'ब्लॉक्ड' लावा, 'नॉट रन' नको. रिपोर्टमध्ये 'नॉट रन' म्हणजे टेस्टरने केलं नाही, 'ब्लॉक्ड' म्हणजे करता आलं नाही.

दुसरा त्रास म्हणजे बगचा कोटा. रोज माणशी १५ बग हवेत, असं फर्मान निघालं की काय होतं? एका दगडाच्या टेक्श्चरचा बग सात दगडांवर सात वेळा नोंदला जातो. डुप्लिकेट वाढतात, डेव्हलपर वैतागून 'ॲज डिझाइन्ड' (मुद्दामच तसं आहे) मारून बंद करत सुटतात. आणि ज्या बगला दोन दिवस खणावं लागतं, उदाहरणार्थ सेव्ह चालू असताना कंट्रोलरची बॅटरी संपली तर फाइल खराब होते, असल्या बगच्या मागे कोणी लागत नाही. नेमका तोच सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे कन्सोल कंपनीच्या तपासणीत, सापडतो. सोनीचे टीआरसी, मायक्रोसॉफ्टचे एक्सआर, निन्टेंडोचं लॉटचेक, यात कंट्रोलर तुटणं आणि सेव्ह करणं हे ठरलेले विषय. नापास झालं की पुन्हा सबमिशन, पुन्हा रांग, पुन्हा शनिवार.

कोट्यावर वाद घालण्यापेक्षा लीडला तीन आकडे दर आठवड्याला काढून द्या: नोंदलेल्या बगपैकी दुरुस्त झालेले किती, डुप्लिकेट किती, 'रिप्रो होत नाही' (पुन्हा करून दिसत नाही) म्हणून परत आलेले किती. दोन-तीन आठवड्यांत कोट्याचा फोलपणा लीडला स्वतःच दिसतो. दिसला नाही तर तो लीड त्या खुर्चीत का आहे हा वेगळा धागा.

पानसुपारी (धागाकर्ता)

मस्त. मीटिंगच्या वेळांवर कोणी लिहाल का?

बिनपगारी_पहारेकरी

माँट्रियल आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळी ९:३० ची मीटिंग पुण्यात ७ ला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर ८ ला. आपण घड्याळ बदलत नाही, ते बदलतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत रोजचा एक तास आपल्या पदरात. कॅलिफोर्निया असेल तर साडेबारा आणि साडेतेरा. टोकियो साडेतीन तास पुढे, ते घड्याळ बदलत नाहीत, पण त्यांचे दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा.

करायचं काय: नोव्हेंबरच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, लीडला लिहून विचारा की शिफ्ट एक तासाने सरकणार का. सरकली नाही तर सकाळी १० ते रात्री ८:३० हा दिवस चार महिने कायमचा होतो. सगळ्या टीमने रोज बसायची गरज नसते. आठवड्याची पाळी लावून दोघं बसतील, बाकीच्यांना लिखित सारांश. हे क्लायंटला चालतं. न चालणारा बहुतेक वेळा मधला माणूस असतो, कारण मीटिंगमध्ये बारा चेहरे दिसले की त्याला बरं वाटतं.

शाईदौत

कायद्याचं थोडं. वकिली सल्ला म्हणून घेऊ नका, पण निदान काय विचारायचं ते कळेल.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू. मूळ तरतुदी: दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, तिमाहीत जादा काम १२५ तासांपर्यंत, साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर दोन महिन्यांत बदली सुट्टी. नैमित्तिक रजा वर्षाला ८. अर्जित रजा २० दिवस कामामागे १, वर्षात २४० दिवस भरले असतील तर, आणि ४५ पर्यंत साठते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे ९ चे १० तास, तिमाहीचे १२५ चे १४४, आणि कायदा लागू होण्यासाठी कामगारसंख्या १० ऐवजी २०, अशा बदलांना मंजुरी दिली. तेव्हा छोट्या इंडी स्टुडिओत असाल तर आधी डोकी मोजा.

'कामगार' या व्याख्येत तांत्रिक आणि ऑपरेशनल काम करणारे येतात. टेस्टर, आर्टिस्ट, अॅनिमेटर त्यात बसतात. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय पदांना तासांचे नियम लागत नाहीत, पण अशांची यादी कंपनीने जाहीर लावायची असते. नुसतं 'असोसिएट लीड' नाव देऊन कोणी मॅनेजर होत नाही. हाताखाली माणसं आहेत का, रजा मंजूर करता का, हे बघतात. आणि 'आम्हाला हा कायदा लागूच नाही' असं एचआर म्हणालं तर सूट देणाऱ्या आदेशाचा क्रमांक मागा.

ढोबळ हिशोब: पगार ३६,०००. भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे तासाला साधारण १७३. दुप्पट ३४६. महिन्यात ४० तास जादा झाले तर सुमारे १३,८०० रुपये. त्या बदल्यात मिळतो रात्रीचा पिझ्झा. आवळा देऊन कोहळा म्हणतात तो हाच.

परदेशात हे पैसे वसूल झालेत. नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी जाहीर पत्र लिहिलं, आणि त्याच काळात तिथे चाललेल्या न भरलेल्या ओव्हरटाइमच्या दाव्यांत कंपनीने आर्टिस्टना १.५६ कोटी डॉलर आणि पुढे प्रोग्रॅमरना १.४९ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथेही मुद्दा हाच होता, हे लोक ओव्हरटाइमला पात्र की नाहीत.

गोडा_मसाला

पुरावा कसा ठेवायचा? ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवले तर चालेल?

शाईदौत

अजिबात नको!! हीच चूक सगळ्यात जास्त होते. कंपनीची माहिती बाहेर पाठवली म्हणून शिस्तभंग, आणि मूळ तक्रार राहते बाजूला. स्क्रीनचा फोटो तर डेव्हकिटच्या खोलीत विषयच नाही.

साधी वही. तारीख, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, कोणी थांबायला सांगितलं, कशासाठी. त्याच दिवशी, शाईने, मधे कोरी पानं न सोडता. प्रोजेक्टचं नाव नको, 'प्रोजेक्ट अ' पुरे. शनिवारी जाताना रिक्षाची पावती, कॅबचं बिल जपा, ते तुमचं स्वतःचं आहे. पगाराच्या स्लिपा दर महिन्याला उतरवून घ्या, नोकरी सुटली की पोर्टल त्याच दिवशी बंद होतं.

तोंडी हुकूम आला की त्याच संध्याकाळी ऑफिसच्याच मेलवरून, ऑफिसच्याच पत्त्यावर, नम्र दोन ओळी. मेल इंग्रजीतच जाईल, आशय असा: 'आज ठरल्याप्रमाणे या शनिवारी व पुढच्या शनिवारी १० ते ६ येतो आहे. बदली सुट्टी कोणत्या तारखांना घेऊ ते कळवावे.' यात तक्रारीचा सूर कुठेच नाही. उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी पुरावा.

लैंगिक छळाची बाब असेल तर रस्ता वेगळा, २०१३ च्या कायद्याचा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, ३ महिन्यांच्या आत, कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत. एचआरला 'सहज कानावर घालणं' म्हणजे तक्रार नव्हे, मुदत तिकडे पळत राहते.

पीआयपी_पीडित_नाही

पीआयपी (कामगिरी सुधारायची लेखी योजना) हातात आला तर काय, ते थोडक्यात. त्याच बैठकीत सही मागतात. सहीखाली 'मिळाले, मजकुराशी सहमत आहे असे नाही' एवढं लिहा आणि तारीख टाका. मोजता येणारं उद्दिष्ट मागा: 'क्वालिटी सुधारा' नको, '६ आठवड्यांत ४ ॲसेट (मॉडेल, टेक्श्चर वगैरे), प्रत्येकी २ फेऱ्यांत मंजूर' हवं. दर आठवड्याला बैठकीचा सारांश तुम्ही स्वतः पाठवा. 'आजच राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देतो' असं म्हणाले तर विचार करायला वेळ मागा आणि घरी जा. खोलीत बसून राजीनामा लिहायचा नाही.

बॉण्डबद्दल (ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) दोन परस्परविरोधी अफवा फिरतात. 'बॉण्ड बेकायदाच असतो' हे चूक: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांचा, २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. 'सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या गेम कंपनीत जाता येत नाही' हेही चूक: नोकरी संपल्यानंतरची असली बंदी करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. गुपितं मात्र गुपितंच राहिली पाहिजेत.

रात्रीचा_चहा

संघटनेचं कोणी काढलं नाही. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरच्या क्यूएवाल्यांनी १२ कंत्राटी टेस्टरना काढल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये काम बंद ठेवलं आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. फक्त क्यूए विभागाची, अख्ख्या स्टुडिओची नव्हे. २२ मतं पुरली.

चेकइन_केलंस_का

नवीन जाणाऱ्यांनी मुलाखतीत विचारायचे प्रश्न: गेल्या मायलस्टोनला किती शनिवार भरले? बदली सुट्टी किती दिवसांत बाद होते? क्लायंट कुठल्या टाइमझोनचा? रात्री किती वाजल्यानंतर घरी सोडायला गाडी? गेम येण्याआधी सोडलं तर क्रेडिट्समध्ये नाव राहतं का? पहिल्या प्रश्नाला 'आमच्याकडे पॅशनेट लोक आहेत' असं उत्तर आलं तर आकडा दोन अंकी समजा.

गोडा_मसाला

क्रेडिट्सचं खरंच काही करता येतं का? आणि पोर्टफोलिओचं?

चेकइन_केलंस_का

क्रेडिट देणं कंपनीच्या धोरणावर. कायद्याने हक्क सांगता येत नाही, म्हणून ऑफर लेटरच्या वेळीच लिहून मागायचं. सोडताना निदान अनुभवपत्रात पद, विभाग आणि 'कन्सोल व पीसी प्रोजेक्टवर काम' एवढं तरी घालून घ्या. पोर्टफोलिओत गेम बाजारात येईपर्यंत काहीही टाकायचं नाही, आल्यावरही लेखी परवानगी. तोवर घरी, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या लायसन्सवर दोन वेगळे ॲसेट करून ठेवा. पण आधी करारातलं आयपीचं (केलेलं काम कोणाच्या मालकीचं त्याचं) कलम वाचा. काही करारांत नोकरीत असताना घरी केलेलंही कंपनीचं, असं घातलेलं असतं. तसं असेल तर सही करण्यापूर्वीच 'स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांवर केलेलं काम वगळून' एवढे शब्द घालून मागायचे.

शाईदौत

सोडण्याचा विषय निघालाच आहे तर: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतरही शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. '४५ दिवसांनी फुल अँड फायनल' ही जुनी सवय ऐकू आली तर हे कलम मेलमध्ये लिहा. आणि पीएफच्या पोर्टलवर कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही तर अडून बसू नका. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की यूएएनने (पीएफच्या सदस्य क्रमांकाने) लॉगिन करून, 'मॅनेज' खाली 'मार्क एक्झिट'मध्ये ती तुम्हालाच टाकता येते, आधारशी जोडलेला मोबाइल जवळ हवा. तारीख चुकली की दुरुस्ती कटकटीची, तेव्हा रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच टाका.